सहा आठवडे

भिंगताईंनी लांब चिमट्याने प्रवाळाचा तुकडा टाकीतून अलगद वर काढला, पाणी निथळू दिलं आणि तो पांढऱ्या ट्रेमध्ये उलटा ठेवला. मग गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. खरं तर भिंगाची काही गरज नव्हती. तळहाताएवढ्या त्या जांभळ्या तुकड्याच्या कडेने पडलेली पांढरी पट्टी दुकानाच्या दारातूनही दिसली असती.

"आहेत?" शिंप्याने विचारलं.

"आहेत."

जिथे जांभळं संपून पांढरं सुरू होत होतं, नेमक्या त्या रेघेवर चार गोगलगायी चिकटून बसल्या होत्या. तांदळाच्या कणीएवढ्या, पाठीवर कवच नाही, अंगभर बारीक झालर. त्या प्रवाळच खात आणि त्यातही ही एकच जात. घरात समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या छंदवाल्यांच्या मंडळात या किडीला सगळे नुसतं 'कणी' म्हणत. अमक्याकडे कणी लागली असं कुणी म्हटलं की बाकीचे आधी आपापल्या टाकीत डोकावत आणि मग हळहळत.

"अंडीसुद्धा आहेत," ताई म्हणाल्या. "हे बघ, खालच्या बाजूला. पांढरे ठिपके."

शिंप्याने वाकून पाहिलं आणि मान हलवली. आज दुकानाला सुटी होती. शटर अर्धं वर होतं. कापायच्या टेबलावरचं कापड गुंडाळून बाजूला ठेवलेलं, आणि त्या जागी दोन बादल्या, एक पाइप आणि जुने टॉवेल असा सरंजाम मांडलेला. एका भिंतीला कापडाचे तागे, दुसऱ्या भिंतीला गिऱ्हाइकाचा उभा आरसा, आणि दोहोंच्या मधे ही चार फुटी टाकी. सात वर्षं शिंप्याने ती एकेका तुकड्याने भरत आणली होती. मापं द्यायला आलेली माणसं हात वर करून उभी राहत आणि टाकीकडे बघत राहत, त्यामुळे पोट आत ओढायचं विसरत. मापं बरोबर येत, असं शिंपी सांगे.

आज ती टाकी मोडायची होती. मासे मंडळातल्या एकाकडे, उरलेली प्रवाळं दुसऱ्याकडे. काय वाचण्यासारखं आहे आणि काय फेकायचं, ते भिंगताईंनी बघून सांगायचं, एवढ्यासाठी त्यांना बोलावलं होतं.

त्यांनाच बोलावणार, दुसऱ्या कुणाला? तीस वर्षं त्यांनी रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली होती. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, नाहीतर सुनेच्या चुका काढतात. ताईंनी घरात समुद्र आणला, आणि चुका मंडळातल्या चाळीस जणांच्या काढल्या. नवीन प्रवाळ आणलं की आधी औषधाच्या पाण्यात बुडवायचं, मग सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचं. कारण औषधाने कणी मरते, तिची अंडी मरत नाहीत. ती आठ-दहा दिवसांनी फुटतात आणि पहिल्यापासून सगळं सुरू होतं. "सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस," ताई म्हणत. "एक्केचाळीस नाही." मंडळातली तरुण पोरं त्यांची नक्कल करत, पण दिवस मोजूनच करत.

"ताई, तुम्हाला उगीच त्रास," दाराजवळून आवाज आला. "माझ्यामुळे."

दाराजवळच्या खुर्चीत शिंप्याचे वडील एका जुन्या कोटाचं अस्तर उसवत बसले होते. त्यांना सगळेच अण्णा म्हणत. हे दुकान मुळात त्यांचं. डोळे गेले, म्हणजे अगदी गेले नाहीत, पण सुईत दोरा ओवण्याइतके राहिले नाहीत, तेव्हा मशीन मुलाकडे आलं. उसवायला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात, म्हणून उसवायचं काम अण्णांकडे राहिलं.

"त्रास कसला अण्णा," ताई म्हणाल्या. त्यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"नाही, मी म्हणालो ह्याला, माझ्यामुळे झालं तर निस्तरायला मला सांग. बादल्या उचलतो म्हटलं. तर हा म्हणतो, तुम्ही बसा."

"बसा ना मग," शिंपी म्हणाला.

वाकडा शब्द तो वडिलांना एकही बोलला नव्हता. त्याने फक्त टाकीजवळची त्यांची खुर्ची उचलून दाराजवळ नेली होती, आणि माशांच्या खाण्याची डबी वरच्या फळीवर ठेवली होती, जिथे अण्णांचा हात पोचत नव्हता. सात वर्षं रोज सकाळी दुकान उघडलं की माशांना खायला अण्णा घालत. दिवसातलं तेवढंच एक काम असं होतं की जे त्यांच्याशिवाय दुसरं कुणी करत नव्हतं. आता तेही नव्हतं, आणि दोन महिने ते टाकीकडे पाठ करून बसत होते.

त्यांचा गुन्हा मंडळात सगळ्यांना पाठ होता. टाकीत शंखात राहणारा एक खेकडा होता, तो वाढला आणि जुना शंख त्याला तोकडा पडायला लागला. अण्णांनी ते नजरेने नाही, तर काचेवर होणाऱ्या टकटकीवरून ओळखलं. बटणांच्या डब्यात एक शंख पडून होता, खडूचे तुकडे ठेवायला कधीतरी आणलेला, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा. तो त्यांनी नळाखाली धुतला आणि टाकीत सोडला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाला कपडे बरोबर बसवले, त्या माणसाला खेकड्याचं तोकडं झालेलं बघवलं नाही, इतकंच.

मग प्रवाळाची कड पांढरी पडली. शिंप्याने मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. भिंगताईंनी पहिला प्रश्न विचारला, नवीन काय टाकलंस? त्याने लिहिलं, तुम्ही दिलेल्या तुकड्यानंतर काहीच नाही. दोन तासांनी त्याने पुन्हा लिहिलं, आत्ता कळलं, वडिलांनी न विचारता एक शंख टाकला होता. आणि ताईंनी उत्तर दिलं, 'शंखातून काहीही येऊ शकतं. घरातल्या माणसांना न विचारता टाकीत हात घालू देऊ नये.' त्यावर चाळीस अंगठे आले. एकाने वडीलधाऱ्यांवर विनोदही केला, आणि शिंप्याने त्यावर हसरा चेहरा पाठवला.

वीस वर्षं कोरड्या पडलेल्या शंखातून कणी येत नाही. ते ताईंना उत्तर लिहितानाही माहीत होतं, जसं त्यांना आपलं नाव माहीत होतं.

"टाकी मोडू नकोस," त्या आता म्हणाल्या.

शिंपी पाइप सरळ करत होता. तो थांबला.

"ह्या जातीचं प्रवाळ तेवढं सगळं काढून टाक. कणीला दुसरं काही खाता येत नाही. दोन-तीन महिने हे प्रवाळ टाकीत आणायचं नाही. उपाशी मरते ती. बाकीचं सगळं चांगलं आहे."

"मरेल हो ताई," शिंपी म्हणाला. आवाज त्याने खाली आणला. "पण उद्या दुसरं काही टाकलं तर? ह्या वयात माणसाला किती सांगणार? मी मापं घेऊ, शिवू, की टाकीवर पहारा देऊ? तुम्हीच म्हणाला होतात ना."

अण्णा उसवत राहिले. डोळे अधू असले तरी कानाला काही झालेलं नव्हतं.

ताईंनी भिंग पदराने पुसलं. ते स्वच्छच होतं. येताना त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं आणि रस्ताभर ते घोकत आल्या होत्या, पण त्यात 'कदाचित' आणि 'शक्यता' असे इतके शब्द भरले होते की वाक्याचा जीव कधीच गेला होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तो प्रकार होता, आणि भांडं लपवायची त्यांना सवय नव्हती. सवय नव्हती म्हणजे चार महिन्यांपूर्वीपर्यंत नव्हती.

चार महिन्यांपूर्वी मंडळाचा अदलाबदलीचा मेळावा होता. दरवर्षी सगळे आपापल्या टाकीतल्या प्रवाळाचे तुकडे आणत, नखाएवढे, फार तर अंगठ्याएवढे, आणि चिठ्ठ्या टाकून वाटून घेत. त्या वर्षी उद्घाटनाचं बोलायला ताईंऐवजी एका तिशीच्या मुलाला बोलावलं होतं. कुणाच्या मनात काही नव्हतं. ताई दरवर्षीच बोलतात, यंदा त्यांना आराम, एवढंच. पण ताईंना ते लागलं. मेळाव्याच्या चार दिवस आधी त्यांनी एका दुकानातून ते जांभळं प्रवाळ आणलं होतं. औषधात बुडवलं, वेगळ्या टाकीत ठेवलं. चौथ्या दिवशी त्यांनी ते मधोमध तोडलं आणि निम्मा तुकडा मेळाव्याला नेला. तळहाताएवढा. तो टेबलावर ठेवला तेव्हा त्या तिशीच्या मुलाचं भाषण ऐकायचं सोडून लोक उठून बघायला आले. चिठ्ठी शिंप्याची निघाली. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, आणि सगळ्यांसमोर विचारलं, ताई, ह्याला वेगळं ठेवायला लागेल का?

"माझ्याकडचं आहे," ताई म्हणाल्या होत्या. "सहा आठवडे झालेत. सरळ सोड."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात तसं. आणि हेही एक वेळ चुकीत खपून गेलं असतं. पण उरलेला निम्मा तुकडा त्यांच्या वेगळ्या टाकीत होता, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्या खाली त्यांना पहिली कणी दिसली. त्या दिवशी त्यांनी फोन हातात घेतला. शिंप्याचं नाव काढलं. फोन करायचा तर 'सहा आठवडे' कुठे गेले ते सांगायला लागलं असतं. त्याच्याकडच्या तुकड्यावर नसेलही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि आपला तुकडा औषधात बुडवला. मग दर आठवड्याला बुडवला. एकदा नाही, पाचदा. त्यांचा तुकडा वाचला. आज त्यांच्या दिवाणखान्यात तो ताटाएवढा झाला होता आणि पाहुणे त्याचं कौतुक करत.

"कणी शंखातून येत नाही," ताई म्हणाल्या.

शिंप्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"कोरड्या शंखातून तर नाहीच. तिला ओलं लागतं, आणि खायला हेच प्रवाळ लागतं. त्यांच्या शंखाचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

"पण तुम्ही तेव्हा..."

"तेव्हा मी चुकीचं बोलले."

मग अण्णा हसले. हातातला कोट त्यांनी मांडीवर ठेवला.

"ताई, तुमचं मन मोठं आहे," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बोलताय. कळतं मला. पण माझी बाजू घेऊ नका. चुकलं ते चुकलं."

शिंप्याचाही चेहरा सैल पडला. त्यालाही तेच वाटलं होतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. एवढी कडक बाई, पण आतून बघा कशी, असं काहीतरी तो मनाशी म्हणत असावा. खोटं बोलल्या तेव्हा चाळीस माणसांनी विश्वास ठेवला, आणि खरं बोलल्या तेव्हा दोन माणसांनी ते मायेचं खोटं समजून घेतलं. भिंगताईंना इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. चौसष्ट वर्षांत त्यांना कुणी इतकं चांगलं समजलं नव्हतं, आणि ते नेमकं आज.

त्यांनी भिंग गळ्यातून काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"अण्णा, मी मन मोठं करून बोलत नाहीये. तो तुकडा मी दिला तेव्हा त्याला चारच दिवस झाले होते. सहा आठवडे नाही. चार दिवस. कणी माझ्याकडून आली."

शिंपी पाइप गुंडाळायला लागला.

"आणि मला कळलं होतं. मेळाव्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात. माझ्याकडच्या तुकड्यावर निघाली होती. तुला फोन करायला हवा होता. मी मूग गिळून बसले."

"दुसऱ्या आठवड्यात," अण्णा म्हणाले. त्यांनी बोटांवर काहीतरी धरलं आणि सोडलं. "म्हणजे तेव्हा शंख बटणांच्या डब्यातच होता."

"हो."

"आणि तरी तुम्ही लिहिलंत."

"हो."

अण्णांनी हळूहळू मान हलवली. राग आल्यासारखे ते दिसले नाहीत. घातलेल्या कपड्याची शिवण नेमकी कुठे चुकली ते सापडल्यावर माणूस जसा गप्प होतो, तसे ते गप्प झाले. मग त्यांनी मुलाकडे तोंड फिरवलं. मुलगा त्यांच्याकडे बघत नव्हता. तो पाइपाची वेटोळी घालत होता, सोडत होता, पुन्हा घालत होता, आणि त्याची मान कॉलरपाशी लाल झाली होती. ताईंना वाटलं होतं तो आपल्यावर चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याला चिडायलाही सवड नव्हती. दोन महिने वडिलांची खुर्ची दाराजवळ होती आणि ती त्याने स्वतः उचलून नेली होती.

"मग टाकी मोडायला नको," तो म्हणाला, कुणाकडेच न बघता.

"नको."

"बरं."

ताईंनी ट्रेमधला तुकडा पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली. हात पुसले. "मी ग्रुपवर लिहिते आज," त्या म्हणाल्या. "सगळं. जसं झालं तसं."

"लिहा," शिंपी म्हणाला. मग तो थांबला. "म्हणजे, लिहायलाच हवं. फक्त..."

"काय?"

"नाही, लिहाच तुम्ही. पण तिथे मीही बरंच काही बोललोय अण्णांबद्दल. थट्टाही केली लोकांनी, मीही हसलो. आता हे आलं की ते सगळं पुन्हा वर येणार. त्यातली निम्मी माणसं माझ्याकडे कपडे शिवतात. म्हणतील, बापावर खापर फोडून मोकळा झाला." तो कसंबसं हसला. "म्हणतील ते खरंच आहे म्हणा."

छातीवरचं काहीतरी हलकं झाल्याचं ताईंना जाणवलं, आणि ते का हलकं झालं हे लगेच कळलं, तेव्हा त्यांनी ट्रे उगीचच पुन्हा पुसायला घेतला.

"मग नका लिहू," अण्णा म्हणाले.

दोघांनी वर पाहिलं.

"घरात कळलं ना? मग बास. बाहेरच्यांना काय करायचंय? ताई, तुम्हाला तिथे मान आहे, पोरं तुमचं ऐकून शिकतात. ह्याचा धंदा आहे. मला कुठे जायचंय त्या ग्रुपवर? मला तर ते फोनवरचं वाचताही येत नाही. आहे माझ्या नावावर ते राहू दे. झाकली मूठ."

"असं कसं अण्णा," शिंपी म्हणाला. एवढंच म्हणाला.

भिंगताईंना उत्तर येत होतं. फार मोठं नव्हतं, तीन-चार शब्दांचं होतं, आणि ते म्हणायला हेच दुकान आणि हीच वेळ होती. शिंपी आधी म्हणेल, मग आपण म्हणू, म्हणून त्या थांबल्या. शिंपी पाइप हातात धरून त्यांच्याकडे बघत होता. तोही थांबला होता. अण्णांनी आधी मुलाकडे तोंड केलं, मग ताईंकडे, मग पुन्हा मुलाकडे, आणि दोघांनाही भरपूर वेळ दिला.

"बरं," शेवटी ते म्हणाले. गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. "मी चहा टाकतो. ताई, घेणार ना?"

"अर्धा कप," भिंगताई म्हणाल्या.